सायकल मार्ग पाहावा तो चौकात

नव्याने बांधलेल्या सायकल मार्गाची जी छायाचित्रे प्रसिद्ध होतात, त्यांत एक गोष्ट हमखास सारखी असते : ती दोन चौकांच्या मधल्या सरळ पट्ट्यावर काढलेली असतात. गुळगुळीत डांबर, ताजा रंग, कडेला झाडांची रांग आणि दूरवर निमुळती होत गेलेली मोकळी वाट. आराखड्यांचेही तसेच. रस्त्याच्या आडव्या छेदात पदपथ, सायकल मार्ग, दुभाजक आणि मोटारींच्या मार्गिका आपापल्या मापांसह शिस्तीत बसलेल्या दिसतात. मात्र हा छेद नेमका कुठला असे विचारले, तर जिथे काहीच घडत नाही अशा ठिकाणचा तो निघतो. मला अशा मार्गांची पाहणी करण्याचा नाद आहे, आणि त्या नादातून एक मत हळूहळू पक्के होत गेले आहे. सायकल मार्गाचा दर्जा त्याच्या सर्वांत वाईट जागेवरून ठरवावा, आणि ती जागा शोधायला चौकात, किंवा मार्ग जिथे अचानक संपतो तिथे जावे.

या मताला अभ्यासाचाही आधार आहे. २०१२ साली अमेरिकेतील मिनेटा परिवहन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या अहवालात पीटर फर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यांची विभागणी सायकलस्वाराला जाणवणाऱ्या ताणाच्या चार पातळ्यांत केली. पहिली पातळी मुलांनाही झेपेल अशी, दुसरी बहुतेक प्रौढांना सोसवेल अशी, तिसरी सरावलेल्यांसाठी आणि चौथी केवळ धाडसी मंडळींसाठी. या वर्गवारीतला कळीचा नियम असा की, संपूर्ण प्रवासाची पातळी म्हणजे त्यातील सर्वाधिक ताणाच्या तुकड्याची पातळी; इथे सरासरी काढायची नसते. चार किलोमीटर निवांत आणि मध्ये एक भीषण चौक असेल, तर तो सगळा प्रवास त्या चौकाच्या पातळीला जातो. हिशेब कठोर वाटतो खरा, पण मुलाला एकट्याने सायकलवर पाठवावे की नाही हे ठरवताना आईवडील अगदी असाच हिशेब करतात. वाटेत किती सुरेख पट्टे आहेत हे ते विचारत नाहीत. तो मोठा चौक हा कसा ओलांडणार, एवढेच विचारतात.

पाहणीला निघताना मी स्वतःच्या सोयीवर मुळीच विसंबत नाही, त्याचेही कारण हेच. मी बरीच वर्षे सायकल चालवते आहे. मागून बस आली म्हणून मला धडकी भरत नाही, आणि मार्ग संपला तर मी सरळ गाड्यांच्या रांगेत शिरते. माझ्यासारखीने 'ठीक आहे' असा शेरा दिला तर त्याला फारशी किंमत नाही. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात सायकल नियोजनाचे काम पाहणाऱ्या रॉजर गेलर यांनी २००६ साली नागरिकांचे चार गट मांडले होते : निर्भय असे एक टक्क्याहूनही कमी, आत्मविश्वासाने चालवणारे सुमारे ७ टक्के, इच्छा आहे पण भीती वाटते असे सुमारे ६० टक्के, आणि सायकल नकोच म्हणणारे उरलेले तिसरा हिस्सा लोक. गेलर यांचे आकडे मुळात अनुभवातून बांधलेला अंदाज होते, तरी पुढे झालेल्या सर्वेक्षणांत चित्र ढोबळमानाने तसेच दिसले. मार्ग बांधायचा तो या ६० टक्क्यांसाठी. पाहणीच्या वेळी मात्र तिथे हजर असतात ते पहिल्या दोन गटांतले लोक, आणि अभिप्रायही त्यांचेच नोंदले जातात. जो माणूस अजून मार्गावर आलेलाच नाही, त्याच्या नजरेने मार्ग पाहायचा, ही या कामातली खरी अवघड बाब आहे.

आता चौकाकडे वळू. सरळ पट्ट्यावर सायकल आणि मोटार यांच्यामध्ये कठडा असतो, झाडे असतात, नाहीतर उभ्या गाड्यांची रांग असते. चौकात हे सारे संरक्षण संपते, कारण गाड्यांना वळायचे असते आणि वळण्यासाठी सायकलची वाट ओलांडण्यावाचून त्यांना गत्यंतर नसते. त्यातही गोम अशी की, ज्या आडोशाने पट्ट्यावर सायकलस्वाराला सुरक्षित ठेवले, त्याच आडोशामुळे तो चालकाच्या नजरेतून आणि मनातून बाहेर गेलेला असतो. दोनशे मीटर जो दिसलाच नाही, तो वळणावर एकदम समोर येतो. कोपनहेगनमध्ये सोरेन येन्सेन यांनी सायकल मार्ग बांधण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या स्थितीची तुलना केली, तेव्हा मार्गांमुळे सायकलींची वाहतूक सुमारे १८ ते २० टक्क्यांनी वाढलेली आढळली, पण अपघात आणि जखमींची संख्याही अपेक्षित आकड्यांपेक्षा सुमारे ९ ते १० टक्क्यांनी अधिक निघाली, आणि ही वाढ मुख्यतः चौकांतली होती. मार्गालगत गाड्या उभ्या करण्यास बंदी घातल्यामुळे चालक जागेच्या शोधात बाजूच्या गल्ल्यांत वळू लागले आणि वळणाऱ्या गाड्यांचे प्रमाण वाढले, हेही त्या अभ्यासात दिसते. या आकड्यांचा आधार घेऊन वेगळे सायकल मार्ग नकोतच, असा युक्तिवाद काही जण करतात. मला तो पटत नाही. त्या आकड्यांतून मला एवढेच दिसते की, पट्ट्यावर खर्च केलेली बुद्धी चौकात खर्च झाली नव्हती.

चौकात काय करता येते, हे आता पुष्कळ स्पष्ट झालेले आहे आणि त्यात नेदरलँड्सचा वाटा मोठा आहे. तिथल्या पद्धतीत चौकाच्या कोपऱ्यावर एक छोटे बेट बांधतात. त्या बेटामुळे वळणाची त्रिज्या लहान होते, म्हणून गाडीला वेग कमी करावाच लागतो. सायकलीची वाट कोपऱ्याजवळ थोडी आत घेतलेली असते, साधारण एका मोटारीच्या लांबीइतकी, म्हणजे पाचेक मीटर. त्यामुळे वळणारी गाडी सायकलीच्या वाटेशी येते तेव्हा ती जवळजवळ काटकोनात आलेली असते. चालकाला मागे मान वळवून किंवा आरशात पाहावे लागत नाही, सायकलस्वार समोरच्या काचेतूनच दिसतो. शिवाय मागच्या वाहतुकीला अडवून न धरता त्या गाडीला थांबता येईल एवढी जागा तिथे मिळते. सायकलस्वाराची थांबरेषा मोटारींच्या थांबरेषेच्या बरीच पुढे असते, म्हणून सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकच्या शेजारी, चालकाला न दिसणाऱ्या कोपऱ्यात तो अडकत नाही. यातले काहीही महागड्या यंत्रांचे काम नाही. दगडी कडा, रंग आणि जागेची वाटणी एवढ्यावर ते होते.

म्हणून चौकात उभे राहिल्यावर मी आधी कोपऱ्याचा गोलावा पाहते. आगीचा बंब वळला पाहिजे, या सबबीखाली कोपरे इतके ऐसपैस केलेले असतात की साध्या मोटारी ब्रेकला पाय न लावता वळून जातात. मोठ्या वाहनाला मागचे चाक चढवता येईल असा बुटका उतरता कट्टा कोपऱ्याला दिला तर दोघांचेही भागते, आणि हे अनेक ठिकाणी करून झालेले आहे. त्यानंतर पाहते ती छोट्या गल्लीच्या तोंडाची पातळी. गल्ली आडवी येते तिथे सायकल मार्ग खाली उतरतो की गाडी वर चढते? सायकलीची वाट आणि पदपथ त्याच उंचीने, त्याच रंगाने आणि त्याच पृष्ठभागाने गल्लीच्या तोंडावरून अखंड पुढे गेले असतील आणि गाडीला चढ चढून त्यावरून जावे लागत असेल, तर इथे पाहुणा कोण हे चालकाला फलकाविना कळते. याउलट, दर गल्लीपाशी मार्ग तुटत असेल, रंग संपत असेल आणि सायकलस्वारासाठी 'उतरून चाला' असा फलक लावलेला असेल, तर त्या आराखड्याने हार लिहून दिलेली असते.

दोन्ही दिशांच्या सायकली रस्त्याच्या एकाच बाजूने नेण्याचा मोह नियोजनकारांना फार होतो, कारण त्यात जागा वाचते आणि एकाच बाजूचे खोदकाम करावे लागते. त्याची किंमत चौकात मोजावी लागते. हेलसिंकीत हेक्की सुम्माला आणि सहकाऱ्यांनी केलेला, १९९६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. बाजूच्या रस्त्यावरून येऊन वळणारे चालक ज्या दिशेने मोटारी येतात तिकडेच पाहतात; उलट दिशेने येणाऱ्या सायकलस्वाराकडे त्यांची नजर जातच नाही. हा बेफिकिरीचा दोष म्हणता येणार नाही, कारण धोका जिकडून येतो तिकडे पाहण्याची सवय त्यांना रस्त्यानेच लावलेली असते. त्याच अभ्यासात गतिरोधक आणि थांबण्याचे फलक यांसारख्या उपायांनी चालकांची नजर दोन्हीकडे वळू लागल्याचेही दिसले. तेव्हा असा दुहेरी मार्ग सरसकट वाईट असे मी म्हणणार नाही. नदीकाठी, लोहमार्गालगत किंवा जिथे एका बाजूला गल्ल्याच नाहीत तिथे तो उत्तम. पण दर पन्नास मीटरवर फाटक किंवा गल्ली असलेल्या बाजूने तो नेलेला दिसला, की मी वहीत ठळक खूण करते.

उभ्या गाड्यांची रांग सायकल मार्ग आणि मोटाररस्ता यांच्यामध्ये घेण्याची पद्धत चांगली आहे, परंतु तिच्यात दोन अटी आहेत. गाडीचे दार उघडले तर ते सायकलीच्या वाटेत येणार नाही एवढी मोकळी पट्टी मध्ये हवी, आणि चौकाच्या आधी ही रांग बरीच अलीकडे थांबली पाहिजे, नाहीतर वळणारा चालक आणि सरळ जाणारा सायकलस्वार यांच्यामध्ये एखादी उंच गाडी उभी राहते आणि कोपऱ्यावरची सगळी करामत वाया जाते. कागदावर ही दुसरी अट बहुधा पाळलेली असते. प्रत्यक्षात त्या मोकळ्या जागेत कोणीतरी 'दोनच मिनिटांसाठी' उभे असते, म्हणून तिथे रंगाऐवजी झाडाची कुंडी, सायकली लावण्याची कमान किंवा बाक असे काहीतरी घन ठेवणारा आराखडा मला जास्त शहाणा वाटतो.

सिग्नलबद्दल थोडे भौतिकशास्त्र सांगितले पाहिजे. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार पूर्ण थांबला आणि पुन्हा त्या वेगाला आला, तर त्यात त्याची जी ऊर्जा खर्च होते ती सुमारे १.६ मीटर उंची चढण्याइतकी असते. वजन कितीही असले तरी हे माप बदलत नाही, कारण गणितात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते. म्हणजे दहा ठिकाणी थांबवणारा सपाट मार्ग पायांच्या दृष्टीने सुमारे सोळा मीटरची चढण आहे, जवळजवळ पाच मजले. मोटारीत बसलेल्या माणसाला थांबणे म्हणजे पायाची हालचाल. सायकलस्वाराला ते घामाचे काम आहे. सायकलस्वार सिग्नल पाळत नाहीत, ही तक्रार मी गांभीर्याने घेते आणि बेशिस्तीचे समर्थन करत नाही, पण एका चौकात तीन वेळा थांबून तीन टप्प्यांत ओलांडायला लावणारी रचना लोक कितपत पाळतील, याचा विचार ती करणाऱ्याने आधी करायला हवा होता. कोपनहेगनमध्ये नोरेब्रोगाडे या रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलींना ओळीने हिरवे दिवे मिळतील अशी सिग्नलची सांगड घातलेली आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगनमध्ये काही चौकांत सर्व बाजूंच्या सायकलींना एकाच वेळी हिरवा दिवा मिळतो आणि मोटारी सगळीकडे थांबलेल्या असतात. पाहणाऱ्याला गोंधळ वाटतो, पण सायकलस्वार एकमेकांच्या नजरेचा अंदाज घेत सुरळीत पार होतात.

रुंदीविषयी लोक सर्वाधिक बोलतात, आणि रुंदीच सर्वाधिक फसवते. इंग्लंडमध्ये जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या शासकीय मार्गदर्शिकेत कमी वर्दळीच्या एकेरी मार्गासाठी २ मीटर रुंदी इष्ट आणि १.५ मीटर ही अगदी नाइलाजाची मर्यादा म्हटली आहे. दुहेरी मार्गासाठी इष्ट रुंदी ३ मीटर. पण त्याच मार्गदर्शिकेत असेही म्हटले आहे की, कडेला ६० सेंटिमीटरपेक्षा उंच काही असेल, म्हणजे भिंत, कठडा किंवा खांब, तर त्या बाजूला आणखी ५० सेंटिमीटर धरले पाहिजेत, कारण माणूस हँडल घासेल इतक्या जवळून चालवत नाही. आता दीड मीटर मार्गाच्या दोन्ही बाजूंना कठडे उभारून पाहा. कागदावर दीड मीटर आहे, पण निर्धास्तपणे वापरता येईल अशी जागा उरते अर्धा मीटर. साध्या सायकलीचे हँडलसुद्धा त्याहून रुंद असते. मी टेप घेऊन जाते ती हे मोजायला. आराखड्यात लिहिलेली रुंदी कडेपासून कडेपर्यंतची असते, आणि तिच्यातून दिव्याचे खांब, झाडांची आळी, पावसाळी गटाराच्या जाळ्या आणि उखडलेले कोपरे वजा करत गेले की हाती येणारा आकडा बरेचदा लाजिरवाणा असतो.

रुंदीचा आणखी एक अर्थ आहे, जो तांत्रिक अहवालांत सहसा येत नाही. दोन माणसे शेजारी शेजारी सायकल चालवत बोलू शकतात का? मोटारीत माणसे शेजारी बसतात, पदपथावर शेजारी चालतात. सायकलवर मात्र एकामागून एक, गप्प जावे, अशी अपेक्षा का असावी? मुलाच्या रस्त्याकडच्या बाजूने चालवणारी आई, नुकती सायकल शिकलेली व्यक्ती आणि तिला धीर देणारा सोबती, वेगाने पुढे जाऊ पाहणारा घाईतला माणूस, या सगळ्यांना एकच उत्तर आहे आणि ते म्हणजे आणखी थोडी जागा. शिवाय सायकल म्हणजे केवळ दोन चाकांची सडपातळ वस्तू नव्हे. तीन चाकांच्या, सामान वाहणाऱ्या, हाताने चालवण्याच्या आणि जोडगाडी लावलेल्या सायकलीही आहेत. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेत आराखड्यासाठी धरायची सायकल २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद आहे. मोटारसायकली शिरू नयेत म्हणून मार्गाच्या तोंडाशी नागमोडी लोखंडी अडथळे लावतात, तेव्हा मोटारसायकली कशाबशा वाट काढतात आणि अपंग व्यक्तीची तीनचाकी बाहेर राहते. हे मला रचनेतील चुकीपेक्षा अन्याय म्हणावेसे वाटते.

खांबांचेही तसेच आहे. नेदरलँड्समधील आकडेवारी पाहिली तर उपचारांसाठी रुग्णालयात पोहोचणाऱ्या सायकलस्वारांपैकी निम्म्याहून अधिक जण कोणत्याही वाहनाशी धडक न होता, आपले आपण पडलेले असतात. कोणी कडेला चाक घासून, कोणी ओल्या पृष्ठभागावर घसरून, कोणी संरक्षणासाठी लावलेल्या खांबावरच आदळून. पुढच्या सायकलीच्या मागे चालणाऱ्याला मार्गाच्या मध्यावरचा खांब शेवटच्या क्षणी दिसतो, आणि संध्याकाळी तर तेवढाही नाही. म्हणून खांब खरोखरच हवा का, असल्यास दोन खांबांमध्ये दीड मीटर मोकळी जागा आहे का, त्याच्या आधी जमिनीवर दिशा दाखवणारी पांढरी रेघ आहे का, हे मी पाहते. कडेचा दगड उभा काटकोनी असेल तर चाक त्याला लागताच सायकल आडवी होते. तोच तिरपा उतरता असेल तर चाक त्यावर चढते आणि माणूस सावरतो. या एका तपशिलावर हाडे मोडणे न मोडणे अवलंबून असते, आणि बांधकामाच्या निविदेत तो एका ओळीत मावतो. पृष्ठभागाविषयी फार लिहायला नको : यंत्राने अंथरलेले डांबर पेव्हर ब्लॉकपेक्षा उत्तम, आणि भूमिगत वाहिन्यांची झाकणे चाकाच्या वाटेत नकोत.

पादचाऱ्यांच्या बाबतीत मात्र घाईने पुढे जाता येत नाही. जागा अपुरी पडली की पदपथावरच सायकलीचे चित्र काढून मोकळे होण्याची पद्धत सगळीकडे दिसते, आणि तिने मोटारीकडून घेण्याऐवजी चालणाऱ्याकडूनच जागा घेतली जाते. दृष्टिहीन माणसाला मागून आवाज न करता येणारी सायकल किती भयावह वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकत नाही. कोपनहेगनची रीत इथे उपयोगी पडते : सायकलीची वाट मोटाररस्त्याहून एक पायरी वर आणि पदपथाहून एक पायरी खाली. ही पायरी काठीला कळते, पायाला कळते आणि चाकालाही कळते. बसथांब्यापाशी सायकल मार्ग थांब्याच्या मागून नेला तर सायकलींना बसच्या पुढून वळसा घालावा लागत नाही, पण बसमधून उतरणाऱ्याला मार्ग ओलांडावा लागतो. यावर अंध व्यक्तींच्या संघटनांनी घेतलेले आक्षेप मला खरे वाटतात. ओलांडण्याची जागा एकच ठरवणे, ती पदपथाच्या उंचीला आणणे, तिथे मार्ग किंचित अरुंद करून सायकलींचा वेग उतरवणे आणि थांब्याचे फलाट पुरेसे रुंद ठेवणे, असे उपाय आहेत. ते पुरेसे आहेत का, हे त्या व्यक्तींनाच तिथे नेऊन विचारल्याशिवाय कोणी ठरवू नये.

केवळ रंगाने आखलेल्या पट्ट्यांबद्दल माझे मत कडक आहे. मेलबर्नमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलींना लावलेल्या यंत्रांनी मोटारींचे अंतर मोजले, तेव्हा रंगवलेली मार्गिका असलेल्या रस्त्यांवर मोटारी सायकलींच्या अधिक जवळून जातात असे आढळले. रेघ आपल्याला जागा देते असे सायकलस्वाराला वाटते, आणि रेघेपर्यंतची सगळी जागा आपली, असे चालकाला वाटते.

आता मार्ग संपतो त्या जागेविषयी. एकट्या मार्गाचे मूल्यमापन करणे मुळातच अपुरे आहे, हे नेदरलँड्सने फार पूर्वी अनुभवले. १९७५ नंतर तिथल्या सरकारच्या मदतीने हेग आणि टिलबर्ग या शहरांत एकेक नमुनेदार सायकल मार्ग बांधला गेला. मार्ग उत्तम होते, पण नवे सायकलस्वार फारसे आले नाहीत. आजूबाजूच्या रस्त्यांवरून चालवणारेच तिकडे वळले. पुढे १९८० च्या दशकात डेल्फ्टमध्ये संपूर्ण शहरभर जोडलेले जाळे विणण्याचा प्रयोग झाला, आणि तिथे आधीच भरपूर असलेले सायकलीचे प्रमाण ४० टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. स्पेनमधील सेव्हियाने तर २००६ पासून अल्पावधीत सुमारे ८० किलोमीटरचे सलग जाळे उभे केले आणि जिथे सायकल जवळजवळ दिसत नव्हती तिथे काही वर्षांत ती रोजच्या वाहतुकीचा दखलपात्र भाग झाली. गंमत अशी की, सेव्हियाचे बरेचसे मार्ग दुहेरी आणि रस्त्याच्या एकाच बाजूचे आहेत, म्हणजे वर मी ज्यांच्यावर ठळक खूण करते म्हटले त्या जातीचे. सुटा सुंदर तुकडा आणि थोडेफार दोष असलेले सलग जाळे यांत निवड करायची वेळ आली, तर मी जाळे निवडेन. पण त्यासाठी चौकातले दोष झाकून ठेवावेत असे नाही, कारण जाळ्याच्या गाठी म्हणजेच चौक.

या जोडीला इंग्लंडमधील स्टीव्हनेजचे उदाहरण मनाला सतत टोचत राहते. एरिक क्लॅक्स्टन या अभियंत्याने तिथे नव्या वसाहतीत वेगळे सायकल मार्ग आणि मोठ्या चौकांखालून भुयारी वाटा बांधल्या. आज आपण ज्या कसोट्या लावतो त्यांतल्या कित्येक कसोट्यांना ते उतरले असते. तरीही लोक मोटारीच वापरत राहिले, कारण त्या शहरात मोटार चालवणे तितकेच, किंबहुना अधिक सोपे करून ठेवले होते. याउलट, ग्रोनिंगनने १९७७ साली शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले आणि एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जाता येणार नाही अशी व्यवस्था केली. सायकलीची वाट मात्र थेट राहिली. त्यामुळे कित्येक रस्त्यांवर सायकल मार्ग बांधण्याची गरजच उरली नाही. मार्गाची पाहणी करताना शेजारच्या मोटाररस्त्याची पाहणीही करावी लागते ती यासाठी : तिथला वेग किती आहे, मार्गिका किती आहेत, आणि त्याच ठिकाणी जायला सायकलला वळसा आहे की मोटारीला.

मार्ग खुला झाल्यानंतर काही महिन्यांनी आकडे येऊ लागतात, आणि त्यांच्यावरून वाद रंगतात. सायकलींची एकूण संख्या मला अपुरी वाटते, कारण हेगप्रमाणेच इथेही शेजारच्या रस्त्यावरून आलेले लोक मोजले गेले असतील. त्यापेक्षा कोण चालवते आहे, हे पाहणे अधिक बोलके ठरते. नेदरलँड्समध्ये स्त्रिया पुरुषांइतकी किंवा त्याहून अधिक सायकल चालवतात, तर जिथे रस्ते धोक्याचे आहेत तिथे त्यांचे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास घुटमळते. म्हणून मी स्त्रिया, शाळकरी मुले आणि वृद्ध वेगळे मोजते. अपघातांची आकडेवारी तर फारच कूर्मगतीने साठते. एका चौकात वर्षाला एखादा अपघात होत असेल, तर तो कमी झाला की योगायोगाने टळला, हे कळायला कित्येक वर्षे जातात, आणि तोवर माणसे जखमी होण्याची वाट पाहणे योग्य नाही.

यावर स्वीडनमधील लुंड विद्यापीठात क्रिस्टर हिडेन यांनी विकसित केलेली पद्धत मला फार उपयोगी वाटते. त्यांचा प्रबंध १९८७ चा आहे. अपघात मोजण्याऐवजी थोडक्यात टळलेल्या धडका मोजायच्या : कोणाला अचानक ब्रेक मारावा लागला, कोणी हँडल वळवले, आणि तसे केले नसते तर धडकेला किती क्षण उरले होते. प्रशिक्षित निरीक्षक हे शास्त्रशुद्ध रीतीने करतात. पण साध्या नागरिकालाही चौकातल्या कट्ट्यावर बसून पुष्कळ दिसते. सायकलस्वार चौकाच्या आधी मान वळवून मागे पाहतो का, पाय पेडलवरून खाली येतो का, मूल असलेली आई कुठून पदपथावर चढते, कुठल्या कोपऱ्यावर चाकांच्या खुणा गवतातून गेलेल्या आहेत. लोकांनी आराखडा कुठे नाकारला, ते या खुणा दाखवतात. त्या नोंदींवरून अहवाल लिहायचा तर शंभरपैकी गुण देण्यात अर्थ नसतो. जागांची यादी द्यावी : या कोपऱ्यावरचा गोलावा कमी करा, हा खांब काढा, ही थांबरेषा तीन मीटर पुढे घ्या, इथली शेवटची उभी गाडी हटवा. यांतली बहुतेक कामे रंग, रबरी कडा आणि सुट्या कुंड्यांनी आधी तात्पुरती करून पाहता येतात, महिनाभर निरीक्षण करून मग दगडात पक्की करता येतात. मार्ग जिथे संपून सायकलस्वाराला गाड्यांच्या रांगेत सोडून देतो, ती जागा मी या यादीत सर्वांत वर लिहिते, मग ती कंत्राटाच्या हद्दीबाहेर असली तरी.